दुरुस्तीवाला येऊन गेला

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने पुढे वाचू नये, पण खाली कमेंटमध्ये मला अक्कलही शिकवू नये.

आणि अमावस्येची रात्र, पिंपळ वगैरे यात काही नाही. जे झालं ते जळगावात, गेल्या मे महिन्यात, भर दुपारी झालं. जळगावची मेमधली दुपार ज्याने पाहिली त्याला माहीत आहे, त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं.

मी योगराज. पहूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझी धाकटी बहीण कामिनी जळगावात, मेहरूणच्या पुढे, एका सरकारी भाड्याच्या वसाहतीत पहिल्या मजल्यावर राहते. वसाहतीचं नाव लिहीत नाही. तिचे यजमान लीलाधरराव केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. माल भरून दिल्लीकडे गेले की लवकर परतत नाहीत. घरात कामिनी आणि तिची लहान मुलगी भूमिका, दोघीच.

कामिनीच्या मागच्या खोलीला ओल होती. छताचे पोपडे पडायचे. एकदा तर झोपलेल्या भूमिकेच्या उशीशी गिलाव्याचा मोठा तुकडा पडला. कामिनीने ऑफिसात तक्रार दिली. पुन्हा दिली. मग नुसतीच जाऊन उभी राहायला लागली. उत्तर एकच, "माणूस येईल." सरकारी काम अन् सहा महिने थांब.

गंमत म्हणजे वरच्या मजल्यावर कुणी राहतच नव्हतं. खोली बंद. नळ कापलेला.

तरी ओल वाढत होती...

मी तिला म्हणायचो, सोड ती खोली आणि चल पहूरला. ती ऐकायची नाही. तिथला नियम असा की तपासणीत खोलीला कुलूप दिसलं की वाटप रद्द. तेवढ्या भाड्यात जळगावात कोंबड्यांचं खुराडंही मिळत नाही. त्यामुळे कामिनी माहेरी मुक्कामाला येतच नव्हती. घर राखायचं म्हणून घरातच अडकून पडली होती.

मग एका दुपारी तिचं दार वाजलं.

दारात एक म्हातारा उभा होता. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात थापी. हात कोपरापर्यंत सिमेंटने माखलेले. कामिनीने कार्ड वगैरे काही विचारलं नाही. इतक्या दिवसांनी माणूस आलाय, त्याला काय विचारायचं? तिने पाणी दिलं. तो प्यायला नाही.

"बठ्ठं बुजी टाकसू, बहीन," एवढंच म्हणाला. सगळं बुजवून टाकतो. धुळ्याकडची अहिराणी.

काम मात्र सुंदर केलं. भिंत आरशासारखी गुळगुळीत. ओल गायब. कामिनीला इतका आनंद झाला की रडू आलं.

जाताना तो उंबऱ्याशी थांबला. "येस मी."

म्हणजे 'येतो मी'. आता आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. आणि घरातलं माणूस म्हणतं, 'या'. लहानपणापासून जिभेला लागलेली सवय.

कामिनी म्हणाली, "या, भाऊ."

आणि तो आला.

दुसऱ्या दुपारी दार वाजलं नाही. ती भूमिकेला झोपवत होती. मागच्या खोलीतून आवाज आला...

खर्र... टप्. खर्र... टप्.

भिंतीवर थापी फिरल्याचा.

ती उठून गेली. खोलीत कुणी नव्हतं. वर छताजवळ हवेसाठी झरोका होता, तिथे ओलं सिमेंट होतं.

घाबरून तिने ऑफिसला फोन केला. तिकडचा माणूस वैतागला. "अहो ताई, तुमचा नंबर अजून लागलाच नाही. आम्ही कुणाला पाठवलंच नाही."

नंतर तिने मला फोन केला.

"भाऊ, मागची खिडकी गेली."

"गेली म्हणजे? काच फुटली का?"

"नाही... तिथे आता भिंत आहे."

मला राग आला. खरं सांगतो, भीती नाही, राग. मला वाटलं, एकटी राहून हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुकान बंद केलं आणि मोटरसायकल काढली.

वसाहतीत पोहोचलो तेव्हा आधी खालूनच वर बघितलं. मागच्या बाजूला खिडकी होती. गज होते. गजाला कामिनीचा टॉवेल वाळत होता. मी मनात म्हटलं, झालं, हिला आता डॉक्टरकडे न्यावं लागणार.

वर गेलो. मागच्या खोलीत शिरलो.

खिडकी नव्हती.

मी बोटाने भिंत वाजवली. भरीव होती. पलीकडे टॉवेल वाळतोय हे मी नुकतंच डोळ्यांनी पाहिलेलं, आणि इथे भिंत गार लागत होती. बाहेर आग ओकणारं ऊन आणि खोलीत माठाजवळ बसल्यासारखा गारवा. रस्त्याचा आवाज नाही. पाखराचा नाही. माझी मला थुंकी गिळलेली ऐकू आली.

शेजारच्या अकबरी खाला त्या वसाहतीत सगळ्यांत जुन्या. त्यांना विचारायला गेलो. त्या दाराच्या आतूनच बोलल्या.

"वो जाते टाइम बोला होगा, येतो. तेरी बहन क्या बोली?"

"या म्हणाली. दुसरं काय म्हणणार?"



"इधर मिस्तरी को कोई नहीं बोलता वो. हम लोग 'हो गया' बोलके दरवाजा लगा लेते. नये लोगों को मालूम नहीं रहता."

"कोण आहे तो?"

"कोई कुछ बोलता, कोई कुछ. मेरे को नहीं मालूम, बेटा. अपनी बहन को लेके जा."

मी परत आलो आणि कामिनीला म्हटलं, पिशवी भर. ती म्हणाली, "खोली जाईल रे. हे आल्यावर काय सांगू?" मी चिडलो, ओरडलो. भूमिका रडायला लागली. त्या वादावादीत दुपार कलायला लागली...

खर्र... टप्.

या वेळी आवाज मागच्या खोलीतून नव्हता. स्वयंपाकाच्या ओट्याकडून होता. तिथली छोटी खिडकी आमच्या देखत बारीक होत गेली. हात दिसला नाही. थापी दिसली नाही. फक्त उजेड कमी कमी होत गेला आणि मग राहिलाच नाही.

ओल्या सिमेंटचा वास घरभर भरला.

मग उंबऱ्याशी, आतल्या बाजूला, कुणीतरी थांबल्यासारखं झालं. जमिनीवर दोन ओली पावलं उमटली.

"येस मी."

आवाज म्हाताऱ्याचा होता. थकलेला. त्यात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

कामिनीने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला. मीही गप्प. 'या' म्हणावं तर हा उद्या पुन्हा येणार. न म्हणावं तर...

तर तो जाईना. नुसता उभा. घरातल्याने निरोप दिल्याशिवाय भला माणूस निघत नाही.

"येस मी," पुन्हा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. जे कुणी पाहुण्याला म्हणत नाही ते मी म्हणालो.

"जा."

 मग अगदी हळू, लहान मुलाने विचारावं तसं...

"कठे जाऊ, भाऊ?"

कुठे जाऊ.

  तेवढ्यात ती पावलं वळली आणि आवाज सुरू झाला. खर्र... टप्. आता दाराच्या फटीवर. चौकट आणि फळी यांच्यामधून येणारी उन्हाची रेघ वरून खाली पुसत चालली होती.

मी कडीवर झेपावलो. दार हलेना. कामिनीने माझ्या हातावर हात ठेवून ओढलं. सिमेंट ओलं होतं म्हणून वाचलो. चिखलातून पाय उपसावा तसं दार सुटलं, आणि ऊन अंगावर आलं. आयुष्यात जळगावचं ऊन मला एवढं गोड कधी लागलं नव्हतं.

मी कामिनीला बाहेर ढकललं, भूमिकेला उचललं. कुलूप लावायला दार ओढून घेत होतो.

भूमिका गुणी मुलगी आहे. आईने शिकवलेलं विसरत नाही. घरातून निघताना काय म्हणायचं, ते ती माझ्या खांद्यावरून म्हणाली.

"येतो हं आम्ही."

माझा हात कुलपावरच थांबला.

आतून उत्तर आलं...

"या."

कामिनी पहूरला महिनाभर राहिली. मी रोज वाट बघत होतो की खोली रद्द झाल्याचा निरोप येईल. एकदाचं सुटलो असं होईल. पण निरोप उलटाच आला. तपासणी झाली होती, आणि खोलीत माणसं राहतात अशी नोंद झाली होती. दार कुणी उघडलं हे सांगणाऱ्याला सांगता आलं नाही.

लीलाधरराव दिल्लीहून परत आले. मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, भले माणूस आहेत. पण म्हणाले, "भाऊ, एवढ्या भाड्यात मी दुसरीकडे कुठे जाऊ?"

पुन्हा तोच प्रश्न.

ते तिघं परत गेले.

कामिनीचा फोन येतो. खोली छान झाली म्हणते. पंखासुद्धा लावावा लागत नाही म्हणते. लीलाधरराव बरेच दिवस ट्रकवर गेलेले नाहीत, भूमिका शाळेत जात नाही, पण कामिनीला त्याचं काही वाटत नाही. ती बोलते तेव्हा मागे कसलाच आवाज नसतो. शेजाऱ्यांचा टीव्ही नाही, गाडीचा हॉर्न नाही.

मी दोनदा मोटरसायकल काढली. एकदा नेरीपर्यंत गेलो, एकदा वसाहतीच्या फाटकापर्यंत. खालून खिडकी दिसत होती. गजाला तोच टॉवेल होता. मी वर गेलो नाही.

सख्खी बहीण आहे माझी, आणि मला तिच्या घरी जायची भीती वाटते. लाज वाटते हे लिहिताना.

काल पुन्हा तिचा फोन आला. म्हणाली, "भाऊ, तू येतच नाहीस. तुझ्यापुरती जागा बुजवायची ठेवलीय त्यांनी."