भूत नसलेलं पोस्टर

त्या दिवशी धाकटी नेहमीसारखी रंगाचे डबे धूत बसली होती. ताई चेहरे रंगवायची आणि धाकटी अक्षरं. सिनेमाची पोस्टरं रंगवण्याच्या त्या लांबट शेडमध्ये दोघी बहिणींचं उभं आयुष्य गेलं होतं.

या धंद्यात फार डोकं चालवायचं नसतं, असं धाकटीचं मत. प्रेमाचा सिनेमा असला की गालाला गाल आणि मागे गुलाबी आभाळ. मारामारीचा असला की हिरोच्या कपाळावर रक्त, पण भांग जागच्या जागी! आणि भुताचा असला की हिरवा चेहरा, मोकळे केस, हनुवटीखालून उजेड, सुळे, अन् रक्त गळणारी अक्षरं. झालं काम. कशाचं तिकीट काढतोय ते लोकांना लांबूनच कळलं पाहिजे.

ताईच्या डोक्यात मात्र या वेळी काय भरलं होतं कोण जाणे. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. हे पोस्टर शेवटचं, असं तिनंच जाहीर करून टाकलं होतं. सिनेमा भुताचा. तिनं एवढ्या मोठ्या कापडावर एक अर्धवट उघडं दार काढलं आणि दारात नुसता काळा रंग भरला.

"भूत कुठंय, बाई?" थिएटरचे मॅनेजर घाम पुसत म्हणाले.

"ज्याचं त्यानं आणावं."

"अहो, लोक हसतील मला!"

"हसू देत. हिरव्या सुळ्यांना तरी आता कोण घाबरतंय?"

मॅनेजर कुरकुरले, पण दुसरं काढायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी पोस्टर थिएटरवर चढलं. धाकटी शिडीवर उभी राहून वरची दोरी आवळत होती. खालचा गलबला हळूहळू थांबला, तेव्हा तिनं वळून पाहिलं. अख्खा रस्ता माना वर करून उभा होता. एक सायकलवाला एक पाय जमिनीला टेकवून तसाच थांबला होता. घाबरलेलं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच ती घाबरली. मॅनेजरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्या काळ्या रंगाकडे बघत ते हळूच म्हणाले, "दादा..." त्यांचा भाऊ जाऊन किती वर्षं झाली होती!

धाकटी खाली उतरली. तिनं वर पाहिलं. दारात एक बाई उभी होती. रंगवलेली नव्हे, आपल्याच घराच्या दारात उभी राहावी तशी. तिच्यामागचा काळोख इतका खोल होता, की त्यात हा रस्ता, ही माणसं, वरचं आभाळसुद्धा सहज मावलं असतं.

"ताई... ही कोण काढलीस गं?"

"कुठे काय? नुसता काळा आहे. रंगाचे तीन हात दिलेत मी त्याला."

"बाई आहे एक. रुंद कपाळ... डाव्या भुवईत खाच... करंगळी वाकडी..."

ताई मटकन खाली बसली.

धाकटी पाळण्यात असतानाच आई गेली होती. घरात तिचा एक फोटो नव्हता. हजारो चेहरे काढणाऱ्या ताईला तो एक चेहरा कधी जमला नाही. काढायची आणि कुणी बघायच्या आत फाडायची. भुवई, करंगळी, यातलं धाकटीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. तिला एकदम रडू फुटलं. म्हणजे ही आपली आई! एवढं मोठं काहीतरी तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"काय करतेय ती?" ताईनं विचारलं. "मला का गं दिसत नाही?"

आईचा हात हलत होता. वाकडी करंगळी आत वळत होती. ये... ये... पण नजर धाकटीकडे नव्हती.

"काही नाही. नुसती उभी आहे."

"खोटं बोलताना कानाची पाळी ओढतेस तू. अजून तशीच आहेस."

"तुझ्याकडे बघतेय... बोलावतेय तुला."

ताई लहान मुलीसारखी हसली. "मग जायला हवं."

"काही जायला नको!" धाकटी इतक्या जोरात ओरडली की सगळा रस्ता दचकला.

ऊन उतरायच्या आत ती रंग घेऊन शिडीवर चढली. जन्मात कधी चेहरा न काढलेल्या धाकटीनं हिरवे गाल काढले, लाल डोळे काढले, फावड्यासारखे सुळे काढले, आणि सगळं दार भरून टाकलं. रंगवताना ती रडत होती आणि आईची माफी मागत होती. आधीच्या लोकांनी हा ठरलेला साचा का पाडला, ते तिला आज कळलं. सुळे लावले की ते भूत कुणाचंच राहत नाही.

गर्दी पांगली. पोरं हसली. "आता कसं पोस्टरसारखं पोस्टर झालं!" मॅनेजर म्हणाले, पण टोपी अजून त्यांच्या हातातच होती.

सकाळी ताई धाकटीच्या आधारानं पोस्टर बघायला आली. जवळचं माणूसही धड न दिसणारी ताई बराच वेळ वर बघत राहिली.

"चेहऱ्याचा पार भोपळा केलास गं, चिमणे."

"असू दे."

"पण हात... हात हुबेहूब आलाय हं. वाकड्या करंगळीसकट."

धाकटीनं ताईचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिनं फक्त चेहरा काढला होता. हात काढलाच नव्हता.