डाव्या कोपऱ्यातली खाच

शाळेतून आल्यावर मुकी छापायच्या खोलीत गेली, ती फक्त कागद ओलसर करून ठेवायला. बोलायची कमी, म्हणून घरात तिला मुकीच म्हणत. मावशीला जाऊन महिना झाला होता. लाकडी फळ्या कोरून जपानी पद्धतीनं अमूर्त चित्रं छापायची मावशी, आणि खाली सही ठोकायचे तिचे यजमान, काका.

खोलीत ताज्या लाकडाचा वास होता. काकांच्या हातात रंधा होता आणि पायाशी लाकडाच्या छिलप्या. मावशीनं कोरलेली शेवटची फळीसुद्धा तासून सपाट झाली होती.

"काका, ही तर मावशीची..."

"म्हणूनच. कागद बसवायची खाच ती डाव्या कोपऱ्यात पाडायची, डावखुरी ना. उद्या प्रदर्शनात कुणी फळी बघायला मागितली तर? मी तर उजवा."

मुकीची कानशिलं तापली. त्या खाचा पाडताना मावशीची बोटं किती वेळा कापली, ते तिनं पाहिलं होतं.

"तुम्हाला एक कागद छापता येत नाही," ती म्हणाली.

"अरे वा, मुकीला वाचा फुटली." काका हसले. "बघ तर."

त्यांनी त्या कोऱ्या फळीलाच काळी शाई फासली, वर कागद टाकला.

"घासायची चकती तरी घ्या."

"हात आहे की देवानं दिलेला."

तळव्यानं त्यांनी कागद घासला. खस्स... खस्स... मग हात थांबला. आवाज थांबला नाही.

"तू... तू घासतेयस?"

"मी दारात आहे, काका."

खस्स... खस्स... काका हात ओढत होते. तो सुटायला फार वेळ लागला.

मुकी पुढे झाली. तिनं कागद उचलला. कोऱ्या फळीचा ठसा नुसता काळा यायला हवा होता. त्या काळ्यात तीन बारीक पांढऱ्या रेघा वळत गेल्या होत्या, आणि त्यांना छेदणारी एक तिरपी, जाड. काकांच्या तळव्यावर डब्याच्या झाकणानं कापल्याची जुनी खूण होती, अगदी तशी.

काकांनी हात उघडून पाहिला. तळवा गुळगुळीत होता. एक रेघ नाही. खूणही नाही.

मुकीनं पेन्सिल पुढे केली.

"करा ना सही."

पेन्सिल त्या हातात ठरेना. दोनदा पडली. ती उचलायला मुकी वाकली, तेव्हा फळीचा डावा कोपरा तिच्या डोळ्यांसमोर आला. तिथे खाच होती. ओली, ताजी. आणि तिच्या कडेला लाकडाची एक छिलपी अजून अर्धवट चिकटलेली, हळूहळू वर उचलली जात होती.