चिंचोक्याची खळ

भाऊबीजेच्या सकाळी धुळाप्पा एक घोंगडं वाळत घालायला निघाला. काम एवढंच. सांगोल्याबाहेरच्या माळावर त्याचं घर होतं, पुढं मेंढरांचं वाडगं, बाजूला माग. घोंगडं विणून झालं की त्यावर कुंच्यानं चिंचोक्याची खळ फिरवायची आणि उन्हात ताणून ठेवायचं. खळ लावण्यात धुळाप्पाचा हात धरणारा सबंध तालुक्यात नव्हता, आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगायचा.

हे घोंगडं मात्र त्याचं नाक कापायला बसलं होतं. चार दिवस झाले तरी वाळेना. एकोणीसशे एकवीस साल ते, पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींनी तळ दाखवलेला, आणि ह्याच्या काठातून थेंब ठिबकत होते. वर त्याला वास येत होता, पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा. त्या माळावर केळी कुठली असणार?

तो वास धुळाप्पानं आयुष्यात एकाच ठिकाणी घेतला होता.

जर्मनच्या लढाईत तो इराकात, बसऱ्याला, इंग्रजांच्या विमानांच्या छपरीत कामाला होता. विमानाच्या पंखांवर तेव्हा नुसतं कापड असायचं. त्याला रोगण फासलं की ते आवळून ढोलासारखं ताठ व्हायचं. त्या रोगणाला हा वास. एकदा रोगणाचा डबा त्याच्या हातून सांडला. सार्जंट चामडी लोळवेल, ह्या भीतीनं त्याची गाळण उडाली. भटारखान्यात शिध्याच्या चिंचेतले चिंचोके ढिगानं पडलेले. त्यानं गुपचूप खळ शिजवली आणि एका पंखाला फासली. पंख वाळला, टणटण वाजला. कुणाला पत्ता लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ते विमान न्यायला मिसरूडही न फुटलेला एक गोरा पोरगा आला. त्याचा मागचा जोडीदार तापानं पडला होता, म्हणून बॉम्ब टाकायला त्यानं छपरीतल्या मायाप्पाला मागं बसवलं. मायाप्पा म्हणजे धुळाप्पाच्या बायकोचा, अंबुबाईचा, पाठचा भाऊ. आभाळ भरून आलं होतं. विमान सुटेपर्यंत पंखाचं टोक धरून राहायचं काम धुळाप्पाचं. वरून मायाप्पा हसत म्हणाला, "दाजी, आक्काला वरनं काय आणू वं?"

एक शब्द बोलला असता तर विमान थांबलं असतं. धुळाप्पानं टोक सोडून दिलं. तासाभरानं पाऊस कोसळला, खळ विरघळली, पंखाचं कापड सुटून लोंबलं, आणि ते दोन जीव नदीपलीकडच्या चिखलात गेले. घरी येऊन त्यानं सांगितलं, मायाप्पा तापानं गेला. अंबुबाईनं विश्वास ठेवला. दर भाऊबीजेला ती भावाचा पाट मांडून रिकाम्या जागेला ओवाळायची. यंदा त्या पाटावर घालायला तिनं हे घोंगडं विणून घेतलं होतं.

ऊन चढलं. घोंगड्याचं एक टोक खुंटीला बांधून धुळाप्पानं दुसरं हातात ताणून धरलं. वाऱ्याची झुळूकही नव्हती. तेवढ्यात समोरची खुंटी उपटून पडली, आणि तरीही घोंगडं ताणलेलंच राहिलं. पलीकडून कुणीतरी धरलं होतं. त्यानं सोडायला पाहिलं, पण बोटं खळीत चिकटली होती. घोंगडं हळूहळू वर चढायला लागलं. त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"दाजी…" आवाज डोक्यावरून, उंचावरून आला. "आता तरी बोला की…"

दारात रांगोळी घालणाऱ्या अंबुबाईनंही तो ऐकला. भावाचा आवाज कुठली बहीण विसरेल? तिची चिमूट तशीच हवेत राहिली.

मग धुळाप्पा बोलला. डबा, चिंचोके, भरलेलं आभाळ, सगळं ओकला. तेव्हा कुठं घोंगडं सैल पडलं, बोटं सुटली.

अंबुबाई रडली नाही. रांगोळी टाकून ती नवऱ्याजवळ आली. मग तिनं एकच विचारलं.

"टोक धरून हुबं हुता… तवा ठावं हुतं तुमाला?"

"व्हय."

तिनं ते ओलं घोंगडं उचललं, त्याच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट लपेटलं आणि त्याला अंगणात उन्हात बसवलं. "बसा. माझ्या भावाचं हाय, वाळलं पायजे," म्हणाली. एवढ्यावरच सुटलो, असं धुळाप्पाला वाटलं.

चार दिवस न वाळलेली खळ आता वाळायला लागली. आधी खांदे आवळले, मग बरगड्या. हाक मारायला छातीत वारा राहिला नाही. दुपारी शेजारची शिवबाई वाटेनं गेली. भर उन्हात घोंगड्यात बसलेला माणूस बघून तिनं विचारलं, बरं नाही का?

"ताप हाय," अंबुबाई म्हणाली.

दिवस मावळला. अंबुबाईनं जवळ येऊन घोंगड्यावर टिचकी मारली. टण् वाजलं.

"अजून वलं हाय," ती म्हणाली. "बसा."

मग तिनं पाट मांडला, निरांजन लावलं आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. वर चांदण्या लख्ख होत्या, ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता. ओवाळणी पडावी तसं ताटात ठण् करून काहीतरी पडलं. मग आणखी एक. गारा होत्या, आवळ्याएवढ्या. अंबुबाईनं एक उचलून उजेडात धरली. धुळाप्पाला तिथून दिसलं, गारेच्या पोटात विमानाच्या पंखाच्या पांढऱ्या कापडाची एक चिंधी होती. अंबुबाईनं ती गार निरांजनाच्या ज्योतीवर धरली आणि कितीतरी वेळ धरून ठेवली. गार विरघळली नाही. अंगणभर केळ्यांचा वास सुटला होता.