वहिनीने पुसलेली बंदूक

विश्वास बसला तर बसला, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

हे माझ्या सख्ख्या धाकट्या भावावर ओढवलं. आमच्याच घरात, याच उन्हाळ्यात. ऊन असं की कपडे दोरीवर टाकेपर्यंत वाळायचे. हवेत थेंबभर ओल नव्हती.

हे ध्यानात ठेवा... कारण गोष्ट गंजाची आहे.

धाकटा कारखान्यात लेथवर काम करतो. त्याला नेमबाजीचा नाद. जुनी दुनळी बंदूक होती त्याच्याकडे. परवाना त्याच्या नावावर, पण बंदुकीची सगळी उस्तवार माझी बायको करायची. कारण हा पठ्ठ्या क्लबवरून यायचा, बंदूक दारामागे टेकवायचा आणि सरळ ताटावर बसायचा.

"भावजी, उद्या बायको आणलीत तर तिलाही असंच दारामागे उभं करणार का?"

"तुम्ही आहात ना वहिनी, तिला आत घ्यायला!"

ती हसायची आणि बंदूक उचलायची. लोखंडी कपाट तिने भिंतीला बोल्टने पक्कं करून घेतलं होतं. काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात. बंदूक कापडी पिशवीत कधीच ठेवायची नाही, पिशवी ओल धरते म्हणून. नळीला उघडा हात लावायची नाही. सुती हातमोजे घालून, तेलाच्या फडक्याने पुसायची.

"घामात मीठ असतं, भावजी. आज बोट लावलंत की चार दिवसांनी तेच बोट गंजून वर येतं."

आत ठेवण्याआधी ती एवढंच विचारायची, "रिकामी आहे ना?"

त्या दिवशीही विचारलं.

"रिकामी," मोबाईलमधून डोकं वर न काढता धाकटा म्हणाला.

डाव्या नळीत काडतूस राहिलं होतं.

बंदूक कपाटात सरकवताना घोडा दाराच्या कडेला अडकला आणि बार उडाला. माझी बायको जागच्या जागी गेली.

पोलिसांना धाकट्याने सांगितलं, "मी रिकामी करूनच दिली होती. वहिनीनेच हौसेने भरून पाहिली असणार."

लोकांनी माना डोलावल्या. बाईमाणसाने बंदुकीला हात लावायचाच कशाला, म्हणाले. ती असं करणार नाही, हे मी घसा फोडून सांगत होतो. कोण ऐकतो?

चौकशी मिटली. बंदूक परत आली. या वेळी धाकट्याने ती स्वतः पुसली, तेल लावलं, कपाटात ठेवली.

पुढच्या सुट्टीला भर दुपारी तो घरी एकटाच होता.

आतल्या खोलीतून आवाज आला...

सर्र... सर्र...

नळीत गज फिरवताना येतो, तसा.

तो आत गेला. खोलीत कुणी नव्हतं. कपाटाला कुलूप तसंच. पण बंदुकीच्या तेलाचा वास येत होता... आत्ताच कुणी बाटली उघडल्यासारखा.

त्याने कपाट उघडलं. नळ्या आतून आरशासारख्या लख्ख. बाहेरही कुठे डाग नाही.

फक्त डाव्या नळीच्या मागच्या तोंडाशी, जिथे काडतूस अंगठ्याने दाबून बसवतात...

तिथे गंजाचा एक डाग.

त्याने घासून काढला. वर तेल चोपडलं. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच. जरा मोठा.

पुन्हा घासला. पुन्हा आला. आता त्यात रेषा दिसत होत्या. अंगठ्याच्या रेषा... आणि त्यांना छेदून जाणारा एक तिरका चरा.

धाकट्याने स्वतःचा अंगठा पाहिला. लेथवर पूर्वी कापलेला. तोच तिरका चरा.

मग कारखान्यातही सुरू झालं. तो ज्या लोखंडाला हात लावेल, ते संध्याकाळपर्यंत गंजून लाल पडायचं. फोरमन भडकला.

"अरे, हात आहेत की मिठागर? चार दिवस झाडू मार आता!"

झाडूच्या लोखंडी दांड्यालाही गंज चढला.

त्या संध्याकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. "दादा... काडतूस माझ्याकडूनच राहिलं होतं. वहिनीचा काही दोष नव्हता."

मी त्याला मारलं नाही. म्हटलं, "ऊठ. चौकीत चल."

त्याने नवा जबाब दिला. बंदूक जमा झाली. आमच्या हिच्या नावावरचा डाग पुसला गेला. परत येताना धाकट्याने विचारलं, "आता थांबेल ना रे दादा?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

थांबलं नाही.

मागच्या सुट्टीला, दुपारीच, तो त्याच्या खोलीत पडला होता. आतून कडी लावून.

सर्र... सर्र...

घरात बंदूक नव्हती. तरी मी तो आवाज ऐकला, माझ्या कानांनी.

मग त्याची हाक आली. "दादा, कडी निघत नाहीये..."

मी हातोडी घेऊन धावलो. दाराच्या फटीतून लाल भुकटी गळत होती. कडी नवी होती, गेल्याच महिन्यात बसवलेली.

"दादा, दार फोड! इथे कुणीतरी आहे... तेलाचा वास येतोय... दादा!"

दोन घावांत तुटलं असतं दार.

मी हातोडी खाली ठेवली. खुर्ची ओढली आणि दारासमोर बसलो.

आत तो रडत होता. माफी मागत होता. पण माझी नव्हे...

खरं सांगतो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटत होतं.

शेवटी ओरडा ऐकून शेजारचा सुतार आला आणि त्यानेच दार फोडलं. धाकटा कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसला होता. जिवंत आहे. आत काय झालं ते तो सांगत नाही. मीही विचारत नाही.

मला तिची भीती वाटत नाही. कधीच वाटली नाही.

पण आज पुन्हा सुट्टी आहे. दुपार होत आलीय. तो खोलीत आहे...

हाक आली तर मी उठेन की नाही, मला ठाऊक नाही.