डाव्या हाताची गाठ

त्या दिवशी सकाळपासून आभाळ राखेसारखं पांढुरकं होतं. वारा पडलेला. वेंगुर्ल्याच्या बंदरातल्या होड्यांचे दोरसुद्धा हलत नव्हते, आणि काजूच्या सडक्या बोंडांचा आंबूस वास जागच्या जागी उभा होता. वैशाख सरत आलेला. असल्या हवेत माणूस बोलायचंही टाळतो.

विश्रामने शेजारच्या तुळसाच्या कोंबड्यांना मूठभर कण्या टाकल्या. तुळसा महिनाभर बांद्याला होती, कुणा आजाऱ्याच्या उशाशी. जाताना घर आणि कोंबड्या याच्यावर सोपवून गेली होती. मग पंचा खांद्यावर टाकून म्हातारा सावकाश बंदरावरच्या वखारीकडे निघाला. वखारीची किल्ली त्याच्या करगोट्याला असे.

एकोणीसशे सत्तावन्न सालची ही गोष्ट. त्या वखारीत एका व्यापारी घराच्या गलबतांचे शंभर वर्षांचे कागद होते. कुठल्या गलबतातून काय माल गेला, ते हाकणारा तांडेल कोण, वादळात कोण बुडालं, सगळं त्यात. दाजी नावाच्या कारकुनाने ते जन्मभर सांभाळले. दाजी शिमग्यात वारले, आणि मालकांनी सगळं दप्तर शहरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकलं. ते लावून न्यायला ग्रंथालयाच्या नीरजाबाई आल्या होत्या. जुन्या कागदांच्या विभागाच्या त्या प्रमुख. हाताखाली तीन कारकून, आणि इथला म्हणून विश्राम. कागद झाडायचे, तांबड्या फडक्यात बांधायचे, सुतळीने गाठ मारायची, एवढं त्याचं काम. अशा बांधलेल्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. रुमाल होते एकशे बारा.

आणि दिवस उरले होते दहा. त्यानंतर शेवटची आगबोट, मग समुद्र बंद. वखारीची कौलं मालकांनी विकून टाकलेली. आगबोट गेली की ती उतरणार होती. वरिष्ठांचं पत्र आलं होतं: यादीत चढले तेवढेच कागद आणा, उरलेले तिथेच सोडा. सोडा म्हणजे पावसात लगदा.

घाई म्हणून कारकुनांनी पहिल्याच दिवशी सगळे रुमाल सोडले आणि कागद सालवार लावायला घेतले. जुन्या गाठी सुटताना विश्रामला ते पटलं नाही. पण आपल्याला अक्षर येत नाही, आपण काय बोलणार?

त्या दुपारी जेवण आटोपून सगळे परतले. विश्रामने कुलूप काढलं, आणि सत्यवान कारकून दारातच ओरडला.

"पुन्हा! बाई, हे बघा. आज सात रुमाल. अठराशे साठचे कागद ऐंशीच्यात घुसडलेत."

चार दिवस हेच चाललं होतं. लावलेलं सगळं जेवणाच्या वेळेत विस्कटायचं.

सत्यवान विश्रामकडे वळला. "विश्रामकाका, किल्ली तुमच्याकडे. वाचता येत नाही, मग हात कशाला लावता हो?"

नीरजाबाई हळूच म्हणाल्या, "काका, उद्यापासून किल्ली मला दुसऱ्याकडे द्यावी लागेल."

विश्रामला वाटलं, कुणी भर बाजारात पंचा ओढला. साठ वर्षांत त्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्याने त्या सातांतला एक रुमाल उचलला, बोटांनी चाचपला आणि बाईंपुढे ठेवला.

"बाई, माका अक्षर वाचूक येणा नाय. पण गाठ वाचूक येता. ही गाठ माझी न्हय."

"म्हणजे?"

"माझी सुतळी उजवीकडे पडता. ही डावीकडे. डावऱ्या माणसाची गाठ ही. आणि शेवटाक बघा, बारक्यो गाठी. एक, दोन, तीन. तरुणपणी मी हेच रुमाल गलबतार पोचवलंय. तीन गाठी म्हणजे तिसऱ्या गलबताचो रुमाल."

बाईंनी तो सोडला. साठ सालचा कागद, ऐंशीचा, त्र्याण्णवचा. पण गलबत एकच. दुसरा सोडला. पाच बारक्या गाठी, पाचवं गलबत. बाईंचा हात थांबला.

"मांडणी गलबतांप्रमाणे होती," त्या पुटपुटल्या. "ती आपणच मोडली, सत्यवान. आणि कुणीतरी ती पुन्हा लावतंय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी, कोण येतं ते बघायला, बाई विश्रामला घेऊन आतच बसल्या. सत्यवान मूळचा जवळच्याच रेडी गावचा. एरवी कचेरीत शुद्ध बोले. त्या दिवशी म्हणाला, "मी भायर रवतंय. कोणतरी भायर होयो ना?" आणि त्याने घाईघाईने बाहेरून कडी घातली.

झरोके बंद होते. बाहेर ऊन रणरणत असेल, आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये. भर दुपारची ती शांतता... दूर कावळासुद्धा ओरडेना. मग वास आला. सुरंगीच्या फुलांचा. सुरंगीचा बहर संपून दोन महिने झाले होते.

"काका..."

"गप ऱ्हवा, बाई..."

समोरून फडक्याची सळसळ ऐकू आली. कागद चाळल्याचा, मग एकावर एक बसल्याचा आवाज. ऊन कललं आणि कौलाच्या फटीतून त्याची एक चीर खाली उतरली. त्या चिरेत सुतळीचं टोक उभं राहिलं, वळलं, डावीकडून खाली गेलं आणि सर्रकन आवळलं गेलं. हात नव्हता. नुसती सुतळी.

नीरजाबाई उठल्या.

"आमची चूक झाली," त्या काळोखाला म्हणाल्या. "होतं तसं लावून देऊ. एक कागद मागे राहणार नाही. शब्द देते."

सुतळी थांबली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग वास हळूहळू विरला.

त्या दुपारनंतर वखारीचं रूपच पालटलं. बाईंनी सालवार याद्या फाडल्या. जमिनीवर खडूने बारा चौकोन आखले, एकेका गलबताचा एक. सत्यवान नावं वाची, दोघे कारकून कागद पोचवीत, बाई यादी करीत, आणि विश्राम बांधी. प्रत्येक रुमालाच्या शेवटाला मोजून बारक्या गाठी. जिथे गलबताचं नाव पुसलं होतं तिथे डाव्या हाताने बांधलेला रुमाल आदल्या दुपारचा तयार असे. आता कुणी ओरडत नसे. दोन महिन्यांचं काम नवव्या दिवशी संपलं.

दहाव्या दिवशी दुपारी आगबोटीवर रुमाल चढले. एकशे बाराच्या एकशे बारा! सत्यवानाने सगळ्यांदेखत विश्रामचे पाय धरले. "काकानू, माका माफ करा." बाईंनी यादीचं शेवटचं पान वाचून दाखवलं: मांडणी मूळचीच, गाठी वाचणारा, विश्राम. म्हाताऱ्याने ती ओळ तीनदा वाचून घेतली. भोंगा झाला, आगबोट वळली, आणि बंदरावरच्या खारव्यांनी टोप्या उडवल्या.

दुसऱ्या दिवशी सांजेला तुळसा परतली. विश्राम कोंबड्या झाकत होता.

"काय रे, आज नवरदेवासारखो चलतस तो?"

त्याने पायरीवर बसून सगळं सांगितलं. रुमाल, गाठी, आगबोट. "दाजींचो जीव सुटलो, तुळसा. त्यांच्याच हातान लावून घेतल्यानी."

तुळसाने बोचकं खाली ठेवलं.

"दाजी? अरे, दाजी खंय डावरो होतो?"

"मगे?"

"गाठी मारी ती यशोदा, त्येची बायल. रोज दुपारी वखारीत जेवण घेऊन जाय. केसांत सुरंगीच्या फुलांचो वळेसर. तो जेवी तवसर ही रुमाल बांधून काढी."

विश्राम पायरीवरून उठला. "ती... कधी गेली?"

"गेली खंय? माका बांद्याक कोणासाठी जावचा लागला? दाजीच्या तेराव्यापासून ती थंय म्हायेरात अंथरुणार. वाचा नाय, अंग हलना नाय. फक्त गेले पंधरा दीस भर दुपारी दोनय हात अधांतरी चलत, गाठ मारल्यासारखे. काल दुपारी ते थांबले. कधी नाय ती हसली." तुळसाने पदराची गाठ सोडून तळहात त्याच्यापुढे धरला. त्यावर तांबड्या फडक्याचे चार धागे होते. "हे तिच्या नखांतले. रोज दुपारी मी साफ करी, विश्राम, आणि रोज नवे. त्या घरात तांबडा कापड म्हणून नाय. खंयसून येय होते रे ते?"