बाबांना सांगायचं होतं ते

अकोला स्टेशनवर पिंटू मला घ्यायला आला होता. सकाळचे सात वाजले होते आणि मोटरसायकलची सीट आत्ताच चटका देत होती. पंधरा महिन्यांनी मी परत येत होते. पिंटूने माझी सॅक टाकीवर ठेवली, “बारीक झालीस ताई,” म्हणाला आणि किक मारली. एवढंच. काय पाहिलंस, कशी होतीस, एक शब्द नाही. मला थोडा राग आला, पण धाकटा भाऊ आहे, झोपेतून उठून आलाय, म्हणून सोडून दिलं.

“बाबा उठले असतील ना?” मी मागून विचारलं.

पिंटूने आरशातून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात स्पीडब्रेकर आला, गाडी उडाली. मला वाटलं, त्याला ऐकू गेलं नसेल.

कौलखेडला आमचं तीन खोल्यांचं घर आहे. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, निवृत्तीनंतर त्यांनी ते बांधलं. पुढच्या खोलीत भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्या खाली आता तिसरी चौकट होती. खाकी शर्टातले बाबा. चंदनी हार. खाली छापलेलं: पुंजाजी तायडे, ६ एप्रिल.

मी रडले नाही. लिहायला लाज वाटते, पण मी ओरडले. पुण्यात अकरा वर्षं राहून कमावलेली माझी भाषा रागात गळून पडते.

“मले कळवलं काहून नाही? बाप मेला अन् पोरीले कळवत नाही तुमी?”

पिंटूची बायको आरती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. आई खाटेवर बसून मटकी निवडत होती. ती तशीच निवडत राहिली.

पिंटू गोंधळून म्हणाला, “तुले काय कळवायचं ताई? तू तं होतीस ना इथं.”

मी कोण आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला भ्रमिष्ट ठरवणार नाही. माझं नाव मोनाली. पुण्यात अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत मी नऊ वर्षं काम केलं. नमुना, तारीख, सही. ज्याचा कागद नाही ते झालेलं नाही, असं मानणारी मी बाई आहे. ती नोकरी सोडून मी फिरायला निघाले. व्हिएतनाम, लाओस, जॉर्जिया आणि शेवटी किरगिझस्तान. घरात त्याचं कौतुक फक्त बाबांना होतं. त्यांचे प्रश्न ठरलेले असत. तिकडे लोक काय खातात? बसचं इंजिन पुढे असतं की मागे? नळाला पाणी किती दिवसांआड येतं? फोनवर सगळं सांगू नकोस, म्हणायचे, आल्यावर बसून सांग. म्हणून मी एक वही केली होती. तिच्यात फक्त बाबांच्या प्रश्नांची उत्तरं होती.

मार्चच्या अकरा तारखेपासून पाच आठवडे मी ओश शहराच्या दक्षिणेला, अलाईच्या खोऱ्यात, गुलनारा नावाच्या मेंढपाळ बाईकडे होते. मेंढ्या विण्याचा हंगाम होता. तिला हात हवे होते, मला तिथलं जगणं बघायचं होतं. कमरेएवढा बर्फ, फोनला सिग्नल नाही. खाली उतरल्यावर मी घरी दोनदा फोन केला. “सगळे बरे ना?” मी विचारलं. “बरे हाव,” आई म्हणाली. बाबांना फोन दे, असं मी म्हटलं नाही. एकदा आवाज तुटत होता, एकदा माझी गाडी सुटत होती. हे मी लपवत नाही.

आणि पिंटू सांगत होता की चौदा मार्चला बाबांना झटका आला, आत्याच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे अमरावतीला नेलं, आणि संध्याकाळी मी तिथे आले. तेवीस दिवस मी त्यांच्याजवळून हलले नाही.

“खांदाबी तूच देला,” तो म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. “काहून असं बोलून रायली तू?”

मी सॅकमधून पासपोर्ट काढून त्याच्या हातात दिला. मार्चमध्ये भारतात आल्याचा शिक्का दाखव म्हटलं. त्याने चार पानं उलटली, माझ्याकडे परत दिला.

“शिक्का नाही तं नाही. मंग बाबाले रोज पुसून कोण काढत होतं?”

पुढचे चार दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. गल्लीतल्या बायका येत, माझ्या डोक्यावरून हात फिरवत. पोरगी असावी तर अशी, म्हणत. मी कुठे गेले होते, काय पाहिलं, हे एकीनेही विचारलं नाही. मी सांगायला लागले की त्या मान हलवून पुन्हा हॉस्पिटलवर येत. मी न केलेल्या सेवेचं कौतुक मला गिळावं लागत होतं. मला कोणीतरी शिव्या द्यायला हव्या होत्या. बाप मरत होता आणि तू मेंढ्या सांभाळत होतीस, असं कोणीतरी तोंडावर म्हणायला हवं होतं. तो माझा हक्क होता.

पाचव्या दिवशी मी अमरावतीला गेले. बडनेऱ्याला उतरून रिक्षा केली. अकरा वाजताच रस्ते ओस पडत होते, दुकानदार शटर अर्धं खाली ओढून आत बसले होते.

हॉस्पिटलच्या काउंटरवर मी बाबांच्या फाइलची प्रत मागितली. ती येईपर्यंत बाकावर बसले. समोरून एक सिस्टर आली आणि थबकली.

“ताई, तुम्ही! तब्येत बरी आहे ना? आता झोपता की नाही?”

“तुम्ही मला ओळखता?”

ती हसली. “आमच्या ड्यूट्या बदलायच्या, तुम्ही तशाच खुर्चीवर. एकदा डुलकी घेतलेली पाहिली नाही.” मग तिने माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “उन्हाने काळवंडलात हो. तेव्हा किती गोऱ्या दिसायच्या.”

फाइल आली. संमतीपत्रावर नातेवाईकाची सही होती. मोनाली पुंजाजी तायडे. ‘य’चा शेपटा मी खाली ओढते तसा ओढलेला. शेजारी तारीख: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अशी तारीख आमच्या घरात कोणी लिहीत नाही. ती मला प्रयोगशाळेत लागलेली सवय आहे. अशा अकरा सह्या होत्या. मी एकेक तपासली. दुसऱ्या कोणाचा नमुना असता तर जुळतो म्हणून मी शेरा मारला असता.

तिथून वडाळीच्या रस्त्याला, पार्बताबाई आत्याकडे. बाबांची ही थोरली बहीण एकटी राहते. ती मला बघून रडली, मग कूलरसमोर बसवून पन्हं दिलं. मी ग्लास रिकामा केला तशी ती म्हणाली, “पे बाई, पे. तवा तं पाण्याचा थेंब घेत नव्हतीस.”

“आत्या, मी आले तेव्हा कशी होते? मला सांग.”

“कशी म्हंजे? थकेल. जाड सूटर घालून आलतीस एवढ्या उन्हात. काढ म्हटलं तं काढलं नाही. अन् अंगाले मेंढरायचा वास.” तिने माझा हात धरला. “हात असे थंडगार, बाप्पा. पुंजाजीच्या कपाळावर ठेवे तं त्याले झोप लागे.”

त्या तारखेला माझ्या अंगाला मेंढ्यांचाच वास होता. तिथून दोन हजार किलोमीटरवर.

“आणि बोलायचे काय मी?”

“तिकडचंच. दिवसभर. तो डोळे मिटून आयके. त्या बाईची घोडी मेली, पिल्लू आडवं आलतं, ते सांगताना तू रडलीस. पुंजाजी म्हणे, पिल्लू वाचलं का? तू म्हणे, वाचलं, शेळीच्या दुधावर हाय. तवा हसला तो. आजारपणात तेवढाच हसला.”

माझ्या हातात ग्लास होता. तो मी खाली ठेवला.

“हे कोणत्या दिवशी?”

“पाडवा होता. शेजारच्या घरून पुरणाची पोळी आलती, त्याले चव देली म्हणून ध्यानात हाय.”

पाडवा तीस मार्चला होता. गुलनाराची घोडी एकोणतीसला मेली. त्या दिवशी मी तिचं डोकं मांडीवर धरून बर्फात बसले होते. ही गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. ती बाबांसाठी ठेवली होती. पिल्लू वाचलं का, हाच प्रश्न ते विचारतील, हेही मला माहीत होतं. त्यांचं हसू माझं होतं.

“आत्या, ती मी नव्हते.” माझा आवाज चढला. “ते सगळं मला सांगायचं होतं! ती कोण होती? माझ्या बापाजवळ बसून माझं बोलणारी ती कोण?”

आत्याने पदराने डोळे पुसले आणि मला जवळ घेतलं. “लय सोसलं पोरी तू,” ती म्हणाली.

मी संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंटू कामावर होता, आरती आतल्या खोलीत झोपली होती. दारं-खिडक्या लावून घेतलेल्या. बाहेर भोवळ यावी असं ऊन. आई पुढच्या खोलीत मेथीची जुडी सोडून बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“आई, आल्यापासून तू एक शब्द बोलली नाहीस. पिंटू म्हणतो मी होते, आत्या म्हणते मी होते. तू काय म्हणतेस?”

आईने एक काडी मोडली.

“तू नव्हतीस,” ती म्हणाली.

मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“मालूम होतं.”

“कसं?”

“तेवीस दिवसात ती मले एकदाबी उलटून बोलली नाही.”

“आणि तरी तू तिला बाबांजवळ बसू दिलंस?”

“तू नव्हतीस ना.” तिच्या आवाजात दोष नव्हता. नळाला पाणी नव्हतं म्हणून हंडा भरला नाही, असं सांगावं तसं तिने सांगितलं.

“बाबांना तरी...”

“त्याहिलेबी मालूम होतं. पयल्याच दिवशी म्हणे, इंदू, ही आपली नोय. म्या म्हटलं, काढून देऊ? तं म्हणे, राहू दे. सांगून तं मोनाचंच रायली.”

मला कोणाचा राग येत होता? जी आली तिचा, जिने येऊ दिलं तिचा, की ज्याने ऐकून घेतलं त्याचा? शेवटी विचारलं, “गेली कधी?”

“त्याहिचं पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. अशीच दुपार होती. ऊन उतरू दे म्हटलं, आयकलं नाही. पायात काही नव्हतं.” आईने पानं सुपात टाकली. “दारात उभी राहून मले म्हणे, आई, तुझ्या वेळेले येऊ का?”

कूलरचं पाणी संपलं होतं. नुसती पाती फिरत होती.

“तू काय म्हणालीस?”

“ये म्हटलं.”

“आई!” मी उठून उभी राहिले. “मी आहे ना आता! मी कुठेही जाणार नाही. पुण्यालाही नाही. इथेच राहणार आहे. तिला कशाला बोलावलंस?”

“म्या तेच सांगतलं तिले. मोना असन तवा, म्हटलं.” आईने पहिल्यांदा वर पाहिलं. “तं म्हणे, नाही. गुरुवार असन, अन् मोना गावाले गेली असन.”

त्यावर मी तिला खूप बोलले. मेथीचं सूप लाथाडलं, हे खरं आहे. आरती घाबरून बाहेर आली. आईने शांतपणे पानं गोळा केली.

मेच्या शेवटी मला इथल्याच एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. दालमिलांचे नमुने तपासायचे. आठवड्यातून एकदा खामगावला जाऊन तिथले नमुने आणायचे असतात. ती फेरी कोणत्या वाराची, हे हजर झाल्यावर कळलं. मी वार बदलून मागितला. साहेबांनी कारण विचारलं, मला देता आलं नाही. भांडले. पहिल्या दोन गुरुवारी रजा टाकली आणि दिवसभर पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसले. काही झालं नाही. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, जमत नसेल तर तसं सांगा.

परवा गेले. मूग, तूर, हरभरा, पिशव्यांना चिठ्ठ्या बांधल्या, सह्या केल्या. दर तासाला घरी फोन करत होते. संध्याकाळी धावत घरी आले. आई खाटेवर होती, ठीक होती. जेवलीस का, म्हणून मलाच विचारलं.

मी पाय धुवायला मोरीत गेले तेव्हा आरती मागे आली. हळूच म्हणाली, “ताई, तुम्ही आईंना सांगून पाहा ना. दुपारी एवढी झळ येते घरात, तरी मला दाराची कडी लावू देत नाहीत.”

“रोज?”

“नाही,” ती म्हणाली. “गुरुवारीच. पांढरं पातळ नेसून बसतात.”