शेवटच्या खाचेनंतर

कुठेही गेलो तरी मी भिंतीला पाठ टेकूनच बसतो. पबमधली मंडळी हसतात, हसू देत. त्यांना 'सॉल्टगेट' या अल्बमची मूळ तबकडी कापावी लागली नव्हती.

माझं काम कापायचं. बँड स्टुडिओत वर्षभर धिंगाणा घालतो, त्यातून चाळीस मिनिटांची टेप निघते आणि ती मी यंत्राने लाखेच्या तबकडीवर कोरतो. तिच्यावरून कारखान्यात हजारो रेकॉर्ड छापतात. संगीत संपलं की लेबलाभोवती एक कोरी पट्टी उरते. आम्हा लंडनच्या कापणाऱ्यांचा रिवाज असा, की त्या पट्टीवर सुईच्या टोकाने दोन-चार शब्द खरडायचे. थट्टा, आठवण, काहीही.

'सॉल्टगेट' अर्धा झाला असताना बँडचा ड्रमर क्लिफ टॅगर्ट पावसात गाडी घसरून मेला. पेट्रोलने पेट घेतला, म्हणे. गायक डेन्झिल हॉब्स आणि तो, दोघांचं हाडवैर. डेन्झिलने क्लिफचं सगळं वाजवणं पुसून दुसऱ्याकडून वाजवून घेतलं आणि कव्हरवरून त्याचं नावही काढलं. इतका हलकट माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

क्लिफची बायको मॅव्हिस माझ्याकडे आली. "वॉल्टर, त्या पट्टीवर त्याचं नाव तेवढं लिही. दुसरं काही मागत नाही."

मी शब्द दिला.

बुधवारी सकाळी तबकडी कापून झाली, तेव्हा डेन्झिल अगदी माझ्या मानगुटीशी उभा होता.

"लिही," तो म्हणाला. "'बरं झालं, गप्प बसला.'"

"मेलेल्या माणसाला कशाला..."

"तुला उद्या कामावर यायचंय ना?"

मी लिहिलं. भित्रा होतो, दुसरं काय.

नमुन्याची रेकॉर्ड कारखान्यात आयरीनकडे गेली. हेडफोन लावून दिवसभर दोष शोधणं हेच तिचं काम. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"गाणं संपल्यावर पट्टीवर काहीतरी वाजतंय. टक. एकदाच."

"धूळ असेल."

"बावीस वर्षं धूळ ऐकतेय मी. ही लाकडाची काठी आहे, वॉल्टर."

टेप तपासली, तिच्यात काही नव्हतं. तबकडी पुन्हा कापली. डेन्झिल खोलीत नव्हता, तरी नाव लिहायला हात धजला नाही. पुन्हा तेच शब्द खरडले. या वेळी आयरीनला दोन टक ऐकू आले. तिसऱ्यांदा कापायला बसलो, तेव्हा फोन वाजत राहिला. मॅव्हिसच असणार. मी उचलला नाही. खिडक्या बंद होत्या, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि खोलीत ओल्या रस्त्याचा, पेट्रोलचा वास सुटला होता.

टक... टक... टक. अगदी सारख्या अंतराने, आयरीनने कळवलं.

"छापून टाका," डेन्झिल खेकसला. "पुढच्या शुक्रवारी दुकानात गेलीच पाहिजे. तिथवर ऐकतंय कोण?"

त्या शुक्रवारी दुपारी मी नवी कोरी रेकॉर्ड घेऊन मॅव्हिसकडे गेलो. "नाव लिहिलंय," म्हणून सांगितलं. चष्म्याशिवाय तिला बारीक अक्षर दिसत नाही, हे मला माहीत होतं. तिने चहा दिला आणि रेकॉर्ड लावली. शेवटचं गाणं संपलं. सुई पट्टीवर सरकली.

टक... टक... टक...

मी कप खाली ठेवला. मॅव्हिस मात्र दचकली नाही.

"तोच आहे," ती म्हणाली. "गाणं सुरू करताना ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटून असाच मोजायचा."

"पण... चार मोजतात ना?"

"चौथ्याला तो काठी नाही वाजवायचा. आता ज्याने सुरू करायचं, त्याच्याकडे नुसता बघायचा."

बोलताना तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती माझ्या खांद्यामागे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं. मग ते हळूहळू मावळलं.

"वॉल्टर... तो विचारतोय, नाव कुठंय?"

माझ्या मानेवर गार थेंब पडला. मी मागे न बघता उठलो, न बघता दाराबाहेर पडलो. आजतागायत मागे वळून पाहिलेलं नाही. पाठीशी भिंत असली की जरा धीर येतो.

गेल्या आठवड्यापासून मात्र, कुठेही बसलो तरी भिंत मागून ओली लागते. आणि पेट्रोलचा वास येतो.